भोग्याचं घर घेण्याआधी

म्हैसूरमध्ये घर शोधायला निघालं की दलालाचा पहिला प्रश्न असतो, ‘भाड्याने हवं की भोग्याला?’ भोग्याचा व्यवहार असा: काही लाखांची एकरकमी रक्कम मालकाकडे ठेवायची, ठरलेली दोन-तीन वर्षं घरात राहायचं, दरमहा भाडं द्यायचं नाही आणि मुदत संपली की तीच रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. बोलण्यात ह्यालाच ‘लीज’ म्हणतात. मुंबई-पुण्याकडे ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून जे चालतं, ते जवळपास हेच. कर्नाटकात ही पद्धत जुनी आहे, आणि कितीतरी कुटुंबांनी तिच्यामुळे वर्षानुवर्षं भाडं वाचवलं आहे. बदलीवर आलेल्या, हाताशी थोडी शिल्लक असलेल्या मराठी कुटुंबांना तर ती फार सोयीची वाटते. आम्हालाही वाटली.

यजमानांची बदली झाली आणि आम्ही कुवेंपुनगरात आठ लाखांवर तीन वर्षांसाठी घर घेतलं. मुद्रांकावर कन्नडमध्ये करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. ह्या भागात बहुतेकांचे करार असेच होतात. दुसऱ्या वर्षी एका सकाळी फाटकावर बँकेची नोटीस चिकटवलेली दिसली. घर बँकेकडे गहाण होतं, हप्ते थकले होते, आणि बँक ताबा घेणार होती. आमच्या आठ लाखांचा त्या नोटिशीत कुठेही उल्लेख नव्हता, आमचाही नव्हता.

पुढचे काही दिवस सल्ल्यांचे होते. दलाल म्हणाला, ‘काळजी करू नका, ओनर बघून घेतील.’ शेजारी म्हणाले, ‘दिवाणी कोर्टातून स्टे आणा.’ मालकांनी फोनवर सांगितलं, ‘दुसरी पार्टी बघतोय, तिचे पैसे आले की लगेच तुमचे देतो.’ सगळे कळवळ्यानेच बोलत होते, पण ह्यातला एकही सल्ला उपयोगाचा नव्हता. उपयोगाचं बोलल्या त्या वकील मॅडम, ज्यांच्याकडे आम्ही शेवटी गेलो. त्यांनी दोन कागद समोरासमोर ठेवले, आमचा करार आणि बँकेची नोटीस, आणि दोन तारखा वाचून दाखवल्या. बँकेचं गहाण आमच्या कराराच्या आधीचं होतं. मग त्या म्हणाल्या, ‘ताई, घर वाचेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. पैशांसाठी मात्र पुष्कळ करता येईल. आधी ह्या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा.’

आमच्या सगळ्या प्रकरणाला वळण मिळालं ते ह्या वाक्याने.

घराचा हक्क आणि पैशांचा हक्क

कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कारवाई करते. ती कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेऊ शकते. ह्या कारवाईला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. तसं कायद्याच्या ३४ व्या कलमातच लिहिलं आहे. म्हणून शेजाऱ्यांचा ‘स्टे’चा सल्ला चुकीचा होता. दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, आणि म्हैसूरकरांसाठी ते बंगळूरला आहे. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. घरात राहणाऱ्या भाडेकरूलाही तिथे आपलं म्हणणं मांडता यावं, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली आहे.

न्यायाधिकरण तिथे मुख्यतः दोन गोष्टी बघतं: करार गहाणाच्या आधीचा की नंतरचा, आणि तो नोंदवलेला आहे की नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवलाच पाहिजे, असं १९०८ चा नोंदणी कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा दोन्ही सांगतात. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. बजरंग श्यामसुंदर अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की भाडेकरू गहाणाच्या आधीपासून राहत असला, तरी नोंदणी नसलेल्या कराराच्या जोरावर त्याला बँकेविरुद्ध एक वर्षापलीकडे ताबा सांगता येत नाही. आमच्याकडे आधीची तारीखही नव्हती आणि नोंदणीही नव्हती.

पैशांचं मात्र तसं नव्हतं. रक्कम बँकेतून मालकांच्या खात्यात गेली होती आणि पासबुकात तिची नोंद होती. करार नोंदवलेला नसला, तरी आठ लाख दिले-घेतले हे सिद्ध करायला तो पुरावा पुरेसा होता. मॅडमनी आधी मालकांकडून लेखी कबुली घेतली: एवढी रक्कम मिळाली आहे आणि ती परत द्यायची आहे. अशा पैशांचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी आश्वासनाने ती एका दिवसानेही वाढत नाही.

कबुली हातात आल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. तिथे हप्ते ठरले. आम्ही व्याज सोडलं, मालकांनी मूळ रक्कम कबूल केली. लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नसतं. पुढे एक हप्ता चुकला तेव्हा नवा दावा लावावा लागला नाही, थेट अंमलबजावणीचा अर्ज करता आला. घर सोडावं लागलं, पण पैशांचा मोठा भाग परत आला.

तेव्हापासून ओळखीतलं कुणीही भोग्याचं घर बघायला निघालं की मी त्यांना बसवून खालच्या गोष्टी सांगते.

रक्कम देण्याआधी

मालकाकडे खरेदीखताची मूळ प्रत मागा. झेरॉक्स पुढे आली तर मूळ प्रत कुठे आहे ते विचारा. गृहकर्ज असेल तर ती बहुतेक वेळा बँकेत असते, आणि ह्या एका प्रश्नाने निम्मं चित्र स्पष्ट होतं. कर्ज असणं हा गुन्हा नाही, पण मग बँकेची लेखी संमती हवी आणि हप्ते नियमित जात असल्याचा खातेउताराही हवा.

घरावरच्या बोजाचा दाखला काढा. इथे सगळे त्याला ‘ईसी’ म्हणतात. कर्नाटक सरकारच्या कावेरी संकेतस्थळावरून तो काढता येतो. नोंदवलेले व्यवहार असतील तर तो नमुना १५ मध्ये येतो, काहीच नसेल तर नमुना १६ मध्ये. मालकाने घर घेतलं त्या दिवसापासून आजपर्यंतचा दाखला घ्या. पण नमुना १६ बघून निर्धास्त होऊ नका. खरेदीखत बँकेत नुसतं ठेवून केलेलं गहाण नोंदवलेलं नसेल, तर ते ह्या दाखल्यात दिसत नाही. त्यासाठी ‘सेर्साई’ ही केंद्रीय नोंदवही आहे. बँका २०११ पासून तिच्यात गहाणांची नोंद करतात आणि थोडं शुल्क भरून कुणालाही ती तपासता येते.

खाता, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली घराची नोंद, कोणाच्या नावावर आहे आणि कराची शेवटची पावती कोणाच्या नावाची आहे, तेही बघा. नाव वारलेल्या वडिलांचं असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. एकट्या मुलाची सही पुरेशी नाही. मध्ये एखादी एजन्सी असेल तर मुखत्यारपत्र वकिलाला दाखवा, मालकाशी स्वतः बोला आणि रक्कम मालकाच्याच खात्यात भरा. एजन्सी पैसे घेऊन बंद झाली, तर मालक ‘मला काही मिळालंच नाही’ म्हणायला मोकळा राहतो.

रोख देऊ नका. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज वा ठेव रोखीत घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि बँकेतून गेलेल्या पैशांना उद्या साक्षीदार शोधावा लागत नाही.

कागद कोणत्या रूपात करायचा, हे वकिलाला आवर्जून विचारा. भाडेपट्टा केला तर तुमची रक्कम ही अनामत असते. ताबेगहाण केलं तर पैसे फिटेपर्यंत ताबा ठेवण्याचा हक्क मिळतो, पण त्या दस्ताला नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक शुल्क दोन्हींचं वेगळं असतं. ते वाचवायला म्हणून कमी मुद्रांकावर करार केला, तर न्यायालयात तो अडवला जातो आणि कर्नाटकात कमी पडलेल्या शुल्काच्या दहापट दंड भरावा लागू शकतो. करार कन्नडमध्ये असेल तर शब्द न् शब्द समजावून घ्या. ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे’ एवढ्यावर सही करू नका.

मुदत संपताना

पैसे खात्यात आल्यावरच किल्ली द्यायची, ही अट करारातच घाला. मालकाने पुढच्या तारखेचा चेक दिला तर तारखा लिहून ठेवा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आला तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर मालकाला १५ दिवस मिळतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची असते. मालक ‘आता भरू नका, पुढच्या महिन्यात भरा’ असं गोड बोलून दर वेळी थांबवत असतो, तेव्हा तुमचे हे दिवस संपत असतात.

घर रिकामं करून घ्यायला वीज-पाणी तोडण्याचा किंवा सामान बाहेर काढण्याचा अधिकार मालकाला नाही. कायदेशीर मार्ग सोडून कुणी बळजबरीने बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. एकच घर दोघा-तिघांना भोग्याला देऊन पैसे उचलले असतील, तर ती फसवणूक आहे. अशा वेळी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते.

वकिलाकडे जाताना

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेले ह्यांनाही तो मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा देशभरासाठीचा क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय म्हैसूरमध्येच आहे. आपली भाषा समजेल का, ह्या संकोचाने अनेक मराठी बायका तिथे जात नाहीत. पण हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं तरी चालतं, आणि बरोबर एखादी शेजारीण नेली तर आणखी सोपं होतं.

जाण्याआधी एका कागदावर तारीखवार हकीकत लिहा: घर कधी बघितलं, पैसे कधी आणि कसे दिले, सही कधी केली, नोटीस कधी आली. सगळ्या कागदांच्या प्रती न्या, मूळ कागद जवळ ठेवा. आणि तीन प्रश्न नक्की विचारा. माझा हक्क कोणत्या कागदावर उभा आहे? शेवटची तारीख कोणती? खर्च किती आणि त्यातून मिळण्यासारखं काय? तिन्हींची सरळ उत्तरं देणारा वकील धरा. ‘वसूल होईल त्यात माझा इतका हिस्सा’ अशी बोली बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तेव्हा अशा ठिकाणाहून उठून या. प्रकरण दाखल झालं की त्याचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकावरून पुढची तारीख तुम्हालाच बघता येते.

खरेदीखत, ईसी आणि करार तपासून घ्यायला वकील जी फी घेतो, ती भोग्याच्या रकमेपुढे अगदी किरकोळ असते. नोटीस आल्यानंतर तोच वकील तेच कागद वाचतो, पण तेव्हा त्याच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. म्हणून वकिलाची पहिली भेट पैसे देण्याआधी घ्या.

जे आज भोग्याच्या घरात राहत आहेत, त्यांनाही उशीर झालेला नाही. ह्याच आठवड्यात ईसी काढा आणि सेर्साईची नोंद बघा. पैसे दिल्याला दोन वर्षं होऊन गेली असतील तर मालकांकडून सहीनिशी लेखी कबुली घ्या. करार नोंदवलेला नसेल, तर नवा करून नोंदवता येईल का ते वकिलाला विचारा. चांगल्या मालकाला ह्यात राग येण्यासारखं काही नाही. आणि ज्याला राग येईल, त्याच्याकडे आपली आयुष्यभराची शिल्लक ठेवायची का, हे तुम्हाला त्याच दिवशी कळेल.