रक्तस्रावी शॉक : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी उजळणी



मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या अभ्यासात शॉकची व्याख्या आणि लक्षणे बहुतेकांना पाठ असतात. परंतु लक्षणांचा क्रम ध्यानात राहत नाही, आणि रुग्णाचा जीव त्या क्रमावरच अवलंबून असतो. प्रस्तुत लेखक बँकेतला कारकून, वैद्यकातला अधिकारी नव्हे. आकड्यांचा ताळा पाहण्याची सवय असल्याने हा एक मुद्दा मांडीत आहे.

माण-हिंजवडीपासून चाकणपर्यंत आपल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी कारखान्यात किंवा बांधकामावर आहे. समजा, ७० किलो वजनाच्या तरुण कामगाराच्या मांडीवर लोखंडी भार पडला. हाड मोडले, कातडी शाबूत. बाहेर रक्ताचा थेंबही नाही. तरी मांडीच्या आत दीड लिटरपर्यंत रक्त साचू शकते. त्याच्या शरीरात एकूण रक्त सुमारे ५ लिटर. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला! आता त्याच्या नोंदी पाहा :

रात्री ८.०० — नाडी ९२, रक्तदाब १२०/८०
रात्री ८.१५ — नाडी १०४, रक्तदाब ११८/८६
रात्री ८.३० — नाडी ११८, रक्तदाब ११२/९०

वरचा रक्तदाब तिन्ही वेळा ठीकच दिसतो. एकच नोंद पाहणारा निश्चिंत राहील. पण नाडी वाढत आहे, आणि वरच्या-खालच्या दाबातले अंतर ४० वरून ३२ आणि मग २२ झाले आहे. रक्त कमी होताच हृदय जलद चालते. कातडी व मूत्रपिंडाकडील रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे मेंदू व हृदयाचा पुरवठा काही काळ टिकतो. हातपाय गार पडतात, घाम येतो, लघवी कमी होते, रुग्ण अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता केवळ वेदनेची समजू नये. सुमारे ३० टक्के रक्त गेल्यावर वरचा रक्तदाब स्पष्टपणे उतरतो. तोवर थांबणे म्हणजे उशीर करणे होय.

परिचर्येच्या पायऱ्या अशा :

१. मूल्यांकन : श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण. नख दाबून सोडल्यावर लाली परतण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागतो का, ते पाहावे.
२. निदान : रक्तस्रावामुळे ऊतींना अपुरा रक्तपुरवठा.
३. नियोजन : लघवी ताशी किमान ३५ मि.लि. (दर किलोस अर्धा मि.लि.) राहावी.
४. अंमलबजावणी : डॉक्टरांना तिन्ही नोंदी आकड्यांसह कळवाव्यात. आदेशानुसार ऑक्सिजन, रुंद छिद्राच्या दोन शिरासुया, रक्तगट व क्रॉसमॅचसाठी नमुना. पाय स्प्लिंटने स्थिर ठेवावा. तोंडाने काही देऊ नये. अंगावर पांघरूण घालावे, कारण अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही.
५. फेरमूल्यांकन : दर ५ ते १५ मिनिटांनी नोंद घेऊन मागील नोंदीशी ताडून पाहावी.

एक सावधगिरी : बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची नाडी वाढेलच असे नाही. म्हणून चालू औषधे नातेवाइकांना अवश्य विचारावीत.

स्वाध्याय :
१. खालचा रक्तदाब आधी का वाढतो?
२. वरील रुग्णाची ८.०० ते ९.०० या तासातली लघवी १५ मि.लि. भरली. डॉक्टरांना काय सांगाल?
३. ८.१५ ला तुम्ही ड्युटीवर आहात. कोणत्या दोन आकड्यांवरून डॉक्टरांना बोलवाल?