पिंजरा, उंदीर आणि थोडेसे गणित

घरात उंदीर शिरला की आपण काय करतो? कोणी विषाची गोळी टाकतो, कोणी चिकट पुठ्ठा ठेवतो आणि ज्याला जीव घ्यायचा नाही तो पिंजरा आणतो. पिंजऱ्यात उंदीर जिवंत सापडतो, म्हणून हा उपाय दयेचा, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो.

नांदगावला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. स्कूटर, रद्दी आणि बाजरीचे एक पोते ही तिथली मालमत्ता. एका एप्रिल महिन्यात उंदराने स्कूटरच्या वायरी कुरतडल्या आणि सीटमधला स्पंज उपसून घरटे केले. मी तारेचा पिंजरा आणला, आकड्याला भाकरीचा तुकडा लावला. तीन दिवस रोज सकाळी भाकरी गायब आणि दार उघडेच! चौथ्या दिवशी पिंजरा लावून मी उत्तरपत्रिका तपासायला नाशिकला गेलो, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. या वेळी दार बंद होते. आत एक लहानसा उंदीर मरून पडला होता. अंगावर जखम एकही नव्हती.

तीन दिवस दार का पडले नाही? आणि उंदीर कशाने मेला? दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाळेतल्या विज्ञानातच आहेत.

आकडा म्हणजे तरफ

पिंजरा नीट पाहा. दार उघडताना तुम्ही स्प्रिंग ताणता. तुमच्या हाताने केलेले कार्य तिच्यात स्थितिज ऊर्जा म्हणून साठते. दाराची तार छतावरच्या आकड्याच्या टोकात अडकवली की ही ऊर्जा जणू कुलूपबंद होते. उंदीर दार लावत नाही, तो फक्त कुलूप उघडतो.

हा आकडा म्हणजे एक तरफ. छताजवळचा सांधा हा तिचा टेकू. आमिषाची खालची भुजा लांब, तार अडकवण्याची वरची भुजा आखूड. समजा, खालची भुजा 8 सेंटिमीटर आणि वरची 2 सेंटिमीटर आहे. मग आमिषाला 10 ग्रॅम वजनाइतकी ओढ बसली, तर वरच्या टोकाशी 40 ग्रॅम वजनाइतके बल मिळते. तार निसटायला तेथील घर्षणावर मात करावी लागते. टोक गंजले, घर्षण तिप्पट झाले, तर ओढही 30 ग्रॅमची लागेल. घरातला लहान उंदीर स्वतःच भरतो साधारण 20 ग्रॅम! तो भाकरी हळूहळू कुरतडतो आणि निघून जातो. माझ्या पिंजऱ्याचे टोक गंजलेलेच होते. पॉलिश कागदाने घासून तेलाचा थेंब सोडला असता, तर तीन दिवस वाया गेले नसते.

लहान शरीराची मोठी अडचण

आता दुसरा प्रश्न. 1 सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर, घनफळ 1 घन सेंटिमीटर. 10 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 600 आणि घनफळ 1000. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे पहिल्याला 6 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, तर दुसऱ्याला अवघा 0.6. शरीर जितके लहान, तितका त्याच्या मानाने पृष्ठभाग मोठा. म्हणून लहान प्राणी उन्हात लवकर तापतो, थंडीत लवकर गारठतो आणि त्याच्या अंगातला पाण्याचा तुटपुंजा साठाही लवकर संपतो.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा 40 अंशांच्या वर जातो. पातळ पत्रा उन्हात झटकन तापतो आणि शेडची भट्टी होते. एरवी उंदीर अशा वेळी बिळाच्या गारव्यात असतो. पिंजऱ्यातला उंदीर कोठे जाणार? त्याला पिंजऱ्याने नव्हे, माझ्या गैरहजेरीने मारले.

मग विष का नको?

विष खाल्लेला उंदीर कोठे मरेल हे सांगता येत नाही. असा उंदीर खाणारे घुबडही विषाने मरू शकते. शिवाय एक जुना धडा आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे 1898 मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवांमार्फत जातो. उंदीर मरून थंड पडू लागला, की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. चिकट पुठ्ठ्यावर तर उंदीर तासन्‌तास तडफडतो. म्हणून पिंजराच बरा. पण तो नीट लावला तर.

पिंजरा असा लावा

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून दोन-तीन रात्री दार उघडे बांधून पिंजरा नुसताच ठेवा. तो भिंतीलगत ठेवा, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने धावतो. शेंगदाणा किंवा सुके खोबरे आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे त्याला ओढावेच लागेल. संध्याकाळी पिंजरा लावा, झोपण्यापूर्वी एकदा पाहा आणि पहाटे पुन्हा पाहा. दिवसा दार बांधून ठेवा. लांब सोंडेची चिचुंद्री सापडली तर तिला लगेच सोडा; ती कीटक खाते, वायरींची गुन्हेगार ती नव्हे.

पकडलेला उंदीर घरांपासून आणि धान्यापासून दूर, झुडपांच्या आडोशाला सोडा. आपली पीडा शेजाऱ्याच्या कोठारात सोडणे ही दया नव्हे. पिंजरा मोठ्या माणसांनीच हाताळावा, तोही हातमोजे घालून. नंतर हात साबणाने धुवावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात.

आणि खरा उपाय पिंजऱ्याच्या बाहेर आहे. लहान उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण लुकण असते आणि मागचा भाग मऊ, त्यामुळे झिजता झिजता ते सुताराच्या पटाशीसारखे धारदार राहतात. लाकूड आणि प्लॅस्टिक त्यांच्यापुढे टिकत नाही. फटी बारीक जाळी आणि सिमेंटने बुजवा, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. मीही शेवटी तेच केले. पिंजरा आता खुंटीवर टांगलेला आहे.

करून पाहा : मोठ्यांच्या मदतीने रिकामा, धुतलेला पिंजरा लावा. आकड्याला दोरा बांधून तो दारातून बाहेर काढा आणि टेबलाच्या कडेला आडव्या धरलेल्या रिळावरून खाली सोडा. टोकाला कागदी पिशवी बांधून तिच्यात 5 रुपयांची पिवळी नाणी एकेक टाका. एक नाणे सुमारे 6 ग्रॅमचे असते. बोटे दारापासून दूर ठेवा. किती नाण्यांना दार पडले? आता आकड्याचे टोक घासून, तेल लावून पुन्हा मोजा. फरक किती पडला?