अंगणातील झाड आणि सातपुड्याची पाखरे

25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, अमेरिकन पक्षितज्ज्ञांना रानपिंगळा हे छोटे घुबड दिसले. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. ते नामशेष झाले, असेच मानले जात होते. रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. तो अरण्यवासी, आपल्या अंगणात येणार नाही. परंतु झाडावर कोणाचे पोट व घर अवलंबून आहे, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातील प्रत्येक घराने, शाळेने व ग्रामपंचायतीने झाड निवडताना विचारावा.

शोभा आणि आश्रय

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ व घाणेरी अमेरिका खंडातील. घाणेरीवर फुलपाखरे येतात, हे खरे. पण पाखरे तिची फळे खाऊन बी रानभर पसरवतात आणि तिच्या जाळीखाली स्थानिक रोपे दबून जातात. म्हणून ती कुंपणाला लावू नये. निरगुडी, करवंद लावावे.

कोणती झाडे निवडावीत?

मोकळी जागा असल्यास घरापासून दूर मोह, पळस, सावर किंवा उंबर लावावा. पळस व सावर पाने गळाल्यावर फुलतात. त्या दिवसांत साळुंक्या व शिंजिरांना मध मिळतो. मोहाच्या फुलांवर आदिवासी कुटुंबांप्रमाणे वटवाघळेही जगतात. उंबर-वडाची फळे हे हरियालाचे, म्हणजे आपल्या राज्यपक्ष्याचे, खाद्य होय. जागा थोडी असेल तर कढीपत्ता, लिंबू व रुई पुरेत. त्यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारू नये. त्या अळ्यांवरच पाखरे पिल्ले पोसतात.

लागवड व जपणूक

मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ते ताजेच पेरावे. पालापाचोळा न जाळता बुंध्याशी पसरावा. उन्हाळ्यात पाण्याचे उथळ भांडे सावलीत ठेवावे.

नव्या रोपाला ढोली येण्यास अनेक दशके लागतात. म्हणून गावातील जुने झाड धोकादायक नसेल तर केवळ पोकळ झाले म्हणून तोडू नये. पिंगळे, पोपट व राखी धनेश अशाच ढोलीत संसार मांडतात. वृक्षारोपणाची संख्या नोंदवताना ग्रामपंचायतीने राखलेल्या जुन्या वृक्षांचीही यादी करावी आणि शिक्षकांनी त्यावर येणारी पाखरे मुलांकडून टिपून घ्यावीत. पुढील पावसाळ्यात कोणते रोप लावावे, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.