शाळेतला संगणक आणि 'अपडेट अँड रिस्टार्ट'



यू-डायसची माहिती भरायची घाई, हॉटस्पॉटवर नेटची एकच काडी, आणि स्क्रीनवर निळं चक्र फिरतंय, 'संगणक बंद करू नका'. तेवढ्यात लाईट जाते. डहाणू-तलासरीच्या पावसाळ्यात हे काही नवीन नाही. म्हणून बरेच जण अपडेट कायमचंच बंद करून टाकतात. पालकांपैकी कोणाचं मेडिकल असतं, कोणाचं महा ई-सेवा केंद्र. तिथेही हीच तऱ्हा.

पण बंद ठेवल्याने काय होतं ते बघा. ज्या जेएनपीटीचं नाव आता वाढवणमुळे आपल्याकडे घराघरात पोचलंय, त्या न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसमुळे ठप्प झालं होतं. त्याने वापरलेल्या विंडोजच्या फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पण नेटवर्कवर एक जरी संगणक जुना राहिला, तरी त्यावरून पासवर्ड चोरून हा व्हायरस अपडेट केलेल्या संगणकांतही शिरायचा. चार संगणकांच्या शाळेलाही हे लागू आहे. गंमत म्हणजे, तो मुळात पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच!

मग आलं की लगेच टाकायचं का? तसंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून मला पटलेली पद्धत अशी. मायक्रोसॉफ्टचं मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री उशिरा. त्यानंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर फक्त एकाच संगणकावर ते घ्या. कोणता? ज्यावर ऑफिसचं काम नाही तो. आठवडाभर वापरा. प्रिंटर चालतो का, मराठी टायपिंग नीट आहे का, प्रोजेक्टर लागतो का बघा. सगळं ठीक असेल तर पुढच्या शनिवारी बाकीचे. मधल्या काळासाठी सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स' आहे, त्याने पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. त्याहून जास्त थांबू नये. हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या वाय-फायला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, म्हणजे बहुतेक अपडेट तुम्हाला न विचारता डेटा खाणार नाहीत. महत्त्वाच्या फाईली आधी पेनड्राईव्हवर घ्या. आणि इन्व्हर्टर नसेल तर ढग दाटून आलेत त्या दिवशी हे काम काढूच नका.

नवीन रूप देणारं मोठं वार्षिक अपडेट मात्र वेगळं. ते परीक्षा आणि निकालाच्या दिवसांत नको. मे महिन्याची सुट्टी बरी.

आता खरी अडचण. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. आपल्या बऱ्याच शाळांतली दान म्हणून मिळालेली यंत्रं यात बसत नाहीत. जुगाड करून ११ टाकून देणारे भेटतात, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. घरच्या संगणकासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. शैक्षणिक संस्थांना संस्थात्मक परवान्यातून ती पहिल्या वर्षी प्रति संगणक १ डॉलर, मग २, मग ४ अशी तीन वर्षं मिळते. रक्कम किरकोळ आहे, पण एकट्या शाळेने हा परवाना घेत बसण्यापेक्षा केंद्र किंवा तालुका पातळीवर मागणी केलेली बरी.

दुसरा रस्ता लिनक्सचा. केरळच्या सरकारी शाळा उबंटूवर आधारलेली प्रणाली कित्येक वर्षं वापरतात. पोर्टलची कामं ब्राउझरमध्ये होतात, इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात असतो. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली मात्र त्रास देतील, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर आधी तपासावा लागेल. पेनड्राईव्हवरून उबंटू इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं, तेव्हा एक शनिवार त्यासाठी काढा.

तुमच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे माहीत नसेल तर विंडोजचं बटण दाबून ठेवून 'आर' दाबा, 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाईप करून एंटर करा. जे दिसेल ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या यंत्रासमोर पेन्सिलीने लिहून ठेवा.