विसरण्याचा आजार आणि त्याची किंमत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे, की घरातील वृद्ध माणूस तोच तोच प्रश्न विचारू लागला तरी आपण हसून सोडून देतो. वयोमानानुसार थोडा विसर पडणे स्वाभाविक आहे. एखाद्याचे नाव पटकन न आठवणे आणि मागाहून आठवणे, यात काळजीचे कारण नाही. परंतु नुकतेच जेवण झालेले असताना ‘मला कोणी वाढत नाही’ अशी तक्रार करणे, नेहमीच्या वाटेवर चुकणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, ही आजाराची लक्षणे असू शकतात.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात. शंभरातील साठ ते सत्तर रुग्णांत त्याचे कारण अल्झायमर हे असते. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. यात मेंदूमध्ये विशिष्ट प्रथिने साचत जातात व पेशी हळूहळू नष्ट होतात.

रुग्ण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली जगात स्मृतिभ्रंशाचे ५ कोटी ७० लाख रुग्ण होते. आपल्या देशातील एका व्यापक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण इतके आहे. स्त्रियांत ते ९ टक्के, तर पुरुषांत ५.८ टक्के आढळले. शहरात ५.३ आणि खेड्यात ८.४ टक्के. तेव्हा ‘हा शहरातल्या लोकांचा आजार’ ही समजूत वाचकांनी मनातून काढून टाकावी.

खर्च कोणाच्या माथी?

२०१९ साली या आजारापायी जगाला सुमारे १ लाख ३० हजार कोटी डॉलर खर्च आला. त्यातील जवळपास निम्मा भाग घरच्या माणसांनी विनामोबदला केलेल्या सेवेचा आहे. घरचे माणूस रुग्णासाठी रोज सरासरी पाच तास देते, आणि अशा सेवेचे सत्तर टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात.

रोज पाच तास म्हणजे वर्षाचे १८२५ तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर सव्वादोनशेहून अधिक दिवसांची मजुरी झाली! आपल्याकडे ही मजुरी बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी भरते. कोणी शेतातले काम सोडते, कोणी शिवणकाम बंद करते, कोणाची झोप रोज रात्री दोनदा-तीनदा मोडते. औषधाच्या बिलाची पावती मिळते. या कष्टांची कोठेच नोंद होत नाही. म्हणूनच रुग्णाला घेऊन आलेल्या बाईचाही रक्तदाब मी तपासतो. पुष्कळदा तो वाढलेला असतो, आणि तिने त्याकडे वर्ष वर्ष लक्ष दिलेले नसते.

काय करावे?

प्रथम वेळीच तपासणी करावी. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपाय करता येतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांना काही काळ थोडा फायदा होतो. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे, यांनी धोका कमी होतो.

बँकेचे व जमिनीचे व्यवहार रुग्णाला समजत आहेत तोवरच, त्याच्या संमतीने मार्गी लावावेत. त्याच्या खिशात नाव, पत्ता व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ‘आत्ताच सांगितलं ना!’ असे म्हणून वाद घालू नये. तो मुद्दाम विचारत नसतो.

शेवटची सूचना घरातील पुरुष मंडळींना. दवाखान्याचे बिल भरले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. भावाभावांनी बसून पाळ्या ठरवाव्यात. सेवा करणारीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी आणि रात्रीची सलग झोप मिळालीच पाहिजे. ती आजारी पडली, तर घरात रुग्ण दोन होतील.