सहामाहीचा हिशेब



शाळेत सहामाही परीक्षा असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा भरते. दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाही होते. उन्हाळा आला की वार्षिक होते. मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. कित्येक पालक मला विचारत, "गुरुजी, पोरगं वर जाणार ते वार्षिक परीक्षेवर. मग ही मधली परीक्षा कशाला?"

मी सांगे, "वार्षिक परीक्षा निकाल सांगते. सहामाही परीक्षा अजून काय करता येईल ते सांगते. पोराला भागाकार येत नाही हे वर्ष सरल्यावर कळलं, तर त्याचा उपयोग काय? दिवाळीआधी कळलं, तर शिकवायला चार-पाच महिने हाती राहतात."

जे पोरांचे, तेच आपले. पाडव्याला आपण गुढी उभारतो. कडुनिंबाचा पाला खातो. मनाशी काही ठरवतो. कर्ज फेडीन, तंबाखू सोडीन, लिहायला शिकेन. मग लग्नसराई येते. पाऊस येतो. पेरणीची घाई होते. चैत्रात ठरवलेले आषाढात आठवत नाही. आठवते ते पुढच्या पाडव्याला. तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते.

म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास एक दिवस बसावे आणि आपला सहामाहीचा हिशेब करावा.

शेतात आपण हेच करतो

ही गोष्ट शेतकऱ्याला नवीन नाही. कपाशी लावल्यावर आठ-दहा दिवसांनी आपण शेतात फिरतो. जिथे बी उगवले नाही, तिथे नांग्या भरतो. नांग्या वेळेवर भरल्या तर रोप बरोबरीने वाढते. महिन्याने भरल्या तर ते रोप मोठ्या झाडांच्या सावलीत दबते. बी तेच, जमीन तीच. चुकते ती वेळ.

सरकारही पिकाची पैसेवारी एकदाच काढून मोकळे होत नाही. आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. पीक उभे असतानाच पाहणी सुरू होते.

महात्मा गांधी १८८८ साली शिकायला इंग्लंडला गेले. तिथे ते पै-पैचा हिशेब लिहीत. रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक मोजून पाहत. खर्च फार होतो असे दिसले, तेव्हा त्यांनी तो निम्म्यावर आणायचे ठरवले. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. हिशेब लिहिला होता, म्हणूनच कुठे कमी करायचे ते कळले.

आबांची वही

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येत. त्यांचे नाव लिहीत नाही. आपण त्यांना आबा म्हणू. त्यांच्यावर सोसायटीचे पीककर्ज होते. मुद्दल ३०,००० रुपये. मुदत ३१ मार्चची. मुदत चुकली की कर्ज थकीत होते. थकबाकीदाराला सोसायटी नवे कर्ज देत नाही. मग बी-खतासाठी सावकाराचे दार धरावे लागते. आबांनी ते दार एकदा पाहिले होते.

पाडव्याला आबांनी दोन गोष्टी ठरवल्या. दुधाच्या पैशांतून महिन्याला २,५०० रुपये बाजूला टाकायचे. आणि तंबाखू सोडायची.

सहा महिन्यांनी मी म्हटले, "आबा, वही काढा. हिशेब करू."

आबा म्हणाले, "नको गुरुजी. लाज वाटते."

मी म्हटले, "लाज वाटते तिथंच बघायचं असतं."

सहा महिन्यांत १५,००० रुपये साठायला हवे होते. साठले होते ४,०००. म्हणजे ११,००० कमी पडले. आबा म्हणाले, "आमचं नशीबच खोटं!"

मी म्हटले, "नशिबाच्या नावावर किती आणि आपल्या नावावर किती, ते आधी लिहू."

मग आम्ही लिहिले. म्हैस दोन महिने आटली होती. त्यामुळे ५,००० रुपये आले नाहीत. यात आबांचा दोष नव्हता. आहेर आणि जत्रा यांत २,४०० गेले. राहिले ३,६००. ते काही केल्या आठवेनात.

तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "अहो, जरा चुलीकडं या."

आम्ही गेलो. काकूंना तेव्हा लिहिता येत नव्हते. पण भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या. तंबाखूच्या एका दिवसाला एक रेघ. एकूण १८० रेघा होत्या. आबा दिवसाला २० रुपयांची तंबाखू खात. १८० गुणिले २० म्हणजे ३,६००.

आबा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हिनं एक शब्द नाही काढला हो!"

काकू म्हणाल्या, "शब्द काढला असता तर भांडण झालं असतं. रेघ भांडत नाही."

त्याच रात्री पुढच्या सहा महिन्यांचा नवा बेत झाला. सोयाबीन विकले की त्यातले १४,००० आधी सोसायटीत भरायचे, मग बाकीचा खर्च. म्हैस नुकतीच व्याली होती. दुधातून महिन्याला २,५०० निघत नाहीत हे आता कळले होते. म्हणून १,७०० ठरवले. तंबाखू एकदम सुटत नाही, म्हणून निम्मी केली. त्यातून महिन्याला ३०० वाचतील. म्हणजे महिन्याला २,००० आणि सहा महिन्यांत १२,०००. आधीचे ४,०००, सोयाबीनचे १४,००० आणि हे १२,०००. बेरीज करून पाहा. ३०,००० होतात.

मुदतीच्या तीन दिवस आधी आबांनी सोसायटीची पावती मला आणून दाखवली. तीवर सही होती, अंगठा नव्हता.

निम्मी तंबाखू म्हणजे निम्मे विष. ते चांगले, असे मी म्हणत नाही. उरलेली निम्मी सोडणे हा पुढच्या पाडव्याचा निश्चय झाला. पण मोठा निश्चय मोडला म्हणून तो टाकून देऊ नये. झेपेल एवढा लहान करावा आणि पाळावा.

माझी चूक

दुसऱ्यांना सांगणे सोपे असते. म्हणून माझीही गोष्ट सांगतो.

माझे थोरले बंधू आणि मी बांधावरून बोलत नव्हतो. बांध कितीसा? दोन हात रुंद. एका पाडव्याला मी वहीत लिहिले, 'यंदा दादाशी बोलायचे.' दिवाळीत वही उघडली. ती ओळ वाचली. तेव्हाच उठून गेलो असतो तर दादाचे घर तीनशे पावलांवर होते. पण मी मनाशी म्हटले, अजून अर्धे वर्ष आहे. पाडव्याला पुरणपोळीचे ताट घेऊन जाऊ.

माघात दादा गेला.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. त्या ओळीपुढे काय लिहावे ते मला आजवर सुचलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. हिशेब नुसता पाहून वही मिटू नका. आज करता येईल असे एक काम त्याच दिवशी करा.

हे कसे करावे

१. वर्षाच्या सुरुवातीला जे ठरवले ते लिहून काढा. तीनपेक्षा जास्त गोष्टी नकोत.

२. प्रत्येकापुढे किती झाले ते खरे लिहा. 'बरेच झाले' असे लिहू नका. आकडा लिहा.

३. जे राहिले ते का राहिले ते लिहा. पावसापाण्याने राहिले ते वेगळे लिहा. आपल्यामुळे राहिले ते वेगळे लिहा.

४. एकट्याने बसू नका. घरच्या माणसांना सोबत घ्या. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसते.

५. उरलेल्या महिन्यांत झेपेल तेवढेच नव्याने ठरवा. जे उपयोगाचे नाही ते खोडा.

६. एक काम आजच करा.

आपल्याला अक्षर आले ते दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरते नव्हे. आपण काय बोललो आणि काय केले, हे आपले आपल्याला वाचता यावे, यासाठीही आले आहे.

प्रश्न

१. सहामाही परीक्षेचा उपयोग गुरुजींनी काय सांगितला?

२. आबांचे ११,००० रुपये कशाकशात कमी पडले? तीन आकडे लिहा.

३. "रेघ भांडत नाही" असे काकू का म्हणाल्या?

४. तुम्ही पाडव्याला काय ठरवले होते? किती झाले? पाच ओळी लिहा. या कोणाला दाखवल्या नाहीत तरी चालेल.