दुकानाची पाटी कशाची करावी? खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं, काय टिकत नाही



गेल्या पावसाळ्यात आपल्या मासळी विक्री केंद्राची पाटी रात्रीच्या वाऱ्यात खाली आली. जिथे पडली तिथे सकाळी आपल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. दिवसा पडली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. सगळ्यात स्वस्त दर मीच मंजूर केला होता, त्यामुळे चूक माझीच. आता बंदीच्या दिवसांत बरेच जण दुकान, बर्फाची खोली, स्टॉल यांची डागडुजी काढतात. तेव्हा मी जे शिकलो ते लिहितो.

पाटी का पडली? कापड फाटलं नव्हतं. आतली लोखंडी चौकट जोडाजवळ कुजली होती. वरून रंग छान होता, आत गंज. बोटीचं जसं पाण्याखाली बघावं लागतं, तसंच पाटीचं मागून बघावं लागतं.

आता एकेक साहित्य बघू.

१) फ्लेक्स : चतुर्थीच्या किंवा नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छांना ठीक. कायमच्या पाटीला नको. उन्हाने रंग उडतो, कापड कडक होऊन चिरतं.

२) साधा लोखंडी पत्रा : ऑइल पेंट कितीही जाड लावा, एक ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो. लोखंडच वापरायचं तर आधी वेल्डिंग, भोकं सगळं पुरं करा आणि मग पूर्ण चौकट गरम जस्तात बुडवून घ्या (हॉट डिप गॅल्व्हनायझिंग). जस्त चढवल्यावर वेल्डिंग केलं तर तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

३) एसीपी शीट : दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर, मध्ये प्लास्टिक. हलकी, दिसायला चांगली. बाहेरच्या कामाला पीव्हीडीएफ लेपाची मागा. मधलं प्लास्टिक पेट घेतं, म्हणून गॅस-चुलीच्या वर लावू नका.

४) स्टेनलेस स्टील : ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. ३०४ वर किनाऱ्याजवळ चहासारखे डाग पडतात. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

५) फायबर (एफआरपी) : आपल्या होड्या ज्याच्या बनतात तेच. गंज नाही, कुजणं नाही. होडी बनवणाऱ्या कारागिराकडूनच जेलकोटसकट पाटी करून घेता येते. उन्हाने वर पांढरी भुकटी येते, तर वर्षातून एकदा होडीबरोबर पाटीलाही वॅक्स मारा. माझ्या मते आपल्यासारख्यांना हेच सगळ्यात सोयीचं.

आता खरी गोष्ट. पाटी बहुतेक वेळा साहित्यामुळे नाही, स्क्रूमुळे पडते. ॲल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू लावला की खारं पाणी दोघांमध्ये बॅटरीसारखं काम करतं आणि एक धातू दुसऱ्याला खातो. प्रोपेलरजवळ आपण जस्ताचा तुकडा का लावतो? आधी तो खाल्ला जावा, बाकीचं वाचावं म्हणून. पाटीवर तसा तुकडा नसतो. म्हणून स्क्रू ३१६ चे घ्या आणि ॲल्युमिनियम असेल तिथे स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला. भोकं सिलिकॉनने बंद करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. ते धातूला खातं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा.

वाऱ्याचा जोर शीड ओढणाऱ्याला सांगायला नको. तरी हिशेब बघा. १० फूट बाय ३ फुटांच्या पाटीवर ताशी ९० किलोमीटरचा वारा समोरून आला तर १०० किलोच्या वर जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मे २०२१ चं तौक्ते वादळ कोणी विसरलं नसेल. म्हणून पाटी नुसती प्लास्टरला नाही, काँक्रीटला किंवा खांबाला धरा.

दिवे लावणार असाल तर आयपी ६५ किंवा वरचे घ्या, पॉवर सप्लाय छताखाली ठेवा आणि लाइन ईएलसीबीवरून घ्या. ओल्या हाताने काम करणारी माणसं खाली उभी असतात.

अक्षरांचा साधा नियम : दर १० फूट अंतराला १ इंच उंची. रस्ता ४० फुटांवर असेल तर निदान ४ इंचांची अक्षरं. नाव आणि काय मिळतं एवढंच लिहा. पाटी म्हणजे लग्नपत्रिका नव्हे.

पैशाचं म्हणाल तर किंमत बघू नका, किमतीला वर्षांनी भागा. समजा ३,००० ची पाटी वर्षभर टिकते आणि १२,००० ची आठ वर्षं. पहिली वर्षाला ३,००० ला पडली, दुसरी १,५०० ला. मी हा भागाकार केला नव्हता.

१ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात. पण पाटीचं काम जूनच्या वाऱ्याआधी उरका. ज्यांची जुनी पाटी आहे त्यांनी आजच शिडी लावून मागचे स्क्रू आणि जोड हाताने हलवून बघा. काही सैल वाटलं तर आधी खालची जागा मोकळी करा, मग दुरुस्ती. नवी पाटी लावायच्या आधी पंचायतीत किंवा पालिकेत परवानगीचं विचारून घ्या.

केंद्राच्या नव्या पाटीचे दर आल्यावर सभेत ठेवतो. या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवू.

आपला,
सचिव